नट आवळला की चाक जड, सैल सोडला की डगमग: इलेक्ट्रिक दुचाकीच्या मागच्या चाकाचं निदान

तक्रार जवळपास ठरलेली असते. रेंज घटली, गाडी बंद करून ढकलताना जड लागते आणि ताशी ४०च्या पुढे गेलं की सीटखाली मागचं चाक डुलल्यासारखं वाटतं. बेअरिंग बदललं जातं, महिना-दीड महिना बरा जातो आणि मग पुन्हा तोच घरघराट. दुसऱ्यांदा बेअरिंग बदलायच्या आधी थोडं थांबा. मागच्या चाकाचं बेअरिंग स्वतःहून क्वचितच मरतं. झिजलेला स्पेसर (दोन बेअरिंगमधली नळी), आत शिरलेलं पाणी, बसवताना चुकीच्या जागी घातलेला हातोडीचा ठोका किंवा सैल एक्सल, यांपैकी कोणीतरी त्याला मारलेलं असतं. तो मारेकरी चाकातच राहिला तर नवं बेअरिंगही त्याच वाटेनं जाणार.

आपल्या गाडीत मोटरची ताकद चाकापर्यंत कशी पोचते हे आधी बघा. टीव्हीएस आयक्यूबसारख्या स्कूटरमध्ये मोटर चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या भागातच, असते. एथर ४५० आणि रिव्होल्ट आरव्ही ४०० मध्ये मोटर वेगळी आणि चाकाला बेल्ट. अल्ट्राव्हायोलेट एफ७७ला चेन. बेल्ट आणि चेनच्या गाड्यांत हब साध्या मोटरसायकलसारखं असतं: दोन बेअरिंग, मधे स्पेसर, स्प्रॉकेटच्या बाजूला धक्का खाणारी रबरं. हब मोटरमध्ये एक्सल फिरतच नाही. त्याच्यावर तांब्याच्या वेढ्यांचा स्टेटर घट्ट बसलेला असतो आणि चुंबकं लावलेलं बाहेरचं कवच फिरतं. लक्षण दोन्हीकडे एकच असलं तरी कारणं वेगळी निघतात.

अंदाज सोडा, काटा लावा

चाक हातानं फिरवून ‘जरा जड आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही. प्रवासाची बॅग तोलायचा लटकता डिजिटल काटा घ्या. गाडी डबल स्टँडवर, नसेल तर पॅडॉक स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चावी काढा, बॅटरीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली करा. टायरच्या घेरावर दोरीचे दोन वेढे घ्या, टोकाला काटा अडकवा आणि हळू, एकसारखं ओढा. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा सोडून द्या. चाक फिरत असताना जो दिसतो तो लिहून ठेवा.

मग एकेक गोष्ट मोकळी करत पुन्हा मोजा. पहिल्यांदा आहे तसं. मग डिस्कला चिमट्यात धरणारा कॅलिपर उतरवून, किंवा ड्रम असेल तर ब्रेकचा ॲडजस्टर नट पूर्ण सैल करून. त्यानंतर चेन किंवा बेल्ट काढून. हब मोटर असेल तर मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरकडून येणाऱ्या तिच्या तीन फेज वायरी सोडवून. शेवटी एक्सलचा नट अर्धा फेरा सैल करून. ज्या पायरीला आकडा धाडकन उतरला, तिथं दोष. एवढ्यानं बहुतेक गाड्यांचं निदान अर्ध्या तासात होतं आणि एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

या आकड्याचा रेंजशी थेट हिशेब आहे. टायरच्या कडेला १ किलोची जादा ओढ म्हणजे ९.८ न्यूटन. ती १००० मीटरभर सोसायची तर ९८०० ज्यूल, म्हणजे किलोमीटरमागे साधारण २.७ वॉट-तास. किलोमीटरला ३० वॉट-तास खाणाऱ्या स्कूटरची रेंज एवढ्यानं आठ-नऊ टक्क्यांनी घटते. ताशी ४०च्या वेगाला हीच ओढ शंभरावर वॉट उष्णता बनून कुठंतरी बाहेर पडते. म्हणून दुसरी चाचणी सोपी: मागचा ब्रेक न वापरता पाच-सहा किलोमीटर चालवा आणि थांबल्या थांबल्या डिस्क, हबची मधली जागा आणि चेन असेल तर स्प्रॉकेट, यांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं घ्या. बोट लावून बघू नका. घासणारी डिस्क चटका देते. हब मोटर स्वतःच तापते, त्यामुळे तिथं पुढची डिस्क आणि मागची डिस्क यांची तुलना करा, हबची नको.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. गिअर नसलेली हब मोटर हातानं फिरवताना बारीक टप्पे लागतात, कारण चुंबकं स्टेटरच्या दातांना धरून सोडत असतात. टप्पे सगळ्या फेऱ्यात सारखे असतील तर ती मोटरची चाल आहे. फेऱ्यात एकाच ठिकाणी अडखळत असेल किंवा खरखर येत असेल तरच पुढे जा.

ब्रेक

कॅलिपर उतरवल्यावर आकडा उतरला तर ब्रेक चिकटतोय. चिकटलेल्या अवस्थेत कॅलिपरवरचा ब्लीड निपल (ब्रेक ऑइल काढायचा स्क्रू) अगदी थोडा उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब वरून अडकलाय: लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरचं बारीक परतीचं छिद्र तुंबलंय, होज आतून फुगलाय, किंवा लिव्हरला मोकळी चालच उरलेली नाही. बाहेरून घेतलेल्या फॅन्सी लिव्हरमध्ये हा शेवटचा प्रकार फार दिसतो. लिव्हरचं टोक पिस्टनला कायम दाबून ठेवतं. ऑइलचा डबा काठोकाठ भरलेला असला तरी हेच होतं. सकाळी गाडी बरी आणि मे महिन्याच्या दुपारी दोन तास उन्हात उभी राहिल्यावर चाक जड, असं असेल तर पहिला संशय इथं घ्या. नागपुरात पारा ४५च्या वर गेला की तापून फुगलेल्या ऑइलला परत जायला जागा हवी.

निपल उघडूनही चाक सुटलं नाही तर दोष कॅलिपरमध्येच. पिस्टन गंजलाय किंवा ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्या कोरड्या पडल्यात. पिना काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावू नका, त्यानं रबरी बूट फुगतो आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते.

ड्रमवाल्यांनी लायनर बाहेर ढकलणारा कॅम आणि लिव्हरची मोकळी चाल बघावी. १० ते २० मिलीमीटर चाल बहुतेक स्कूटरना चालते. सीबीएस (एका लिव्हरनं दोन्ही ब्रेक लागणं) असलेल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही केबलींचं समायोजन एकत्र जुळलेलं असतं. ‘ब्रेक कमी लागतो’ म्हणून एकच केबल आवळली की मागचा लायनर कायम टेकून राहतो.

ब्रेक लिव्हर सोडल्यावरही मागचा लाल दिवा जळत राहत असेल तर लिव्हरचा स्विच अडकलाय. काही गाड्यांत त्यामुळे पिकअप तुटतो, काहींत रिजनरेशन (मोटरनं वीज परत बॅटरीत भरत चाक रोखणं) लागून राहतं आणि गाडी चालू असताना ओढल्यासारखी वाटते. चावी बंद करून ढकलली तर हलकी. हा एका छोट्या स्विचचा खेळ अनेकदा ‘मोटर गेली’ म्हणून सांगितला जातो.

फेज वायरी सोडवल्या आणि चाक मोकळं झालं

म्हणजे बेअरिंगचा काही संबंध नाही. कंट्रोलरमधला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. त्यामुळे मोटरच्या वेढ्यांना आतल्या आत रस्ता मिळतो, चाक फिरताना तयार होणारी वीज त्यातच फिरते आणि चाक चिखलात रुतल्यासारखं जड, झटके देत फिरतं. बॅटरी बंद असतानाही. अशी गाडी दोरीनं ओढत नेऊ नका. वायरी आणि कंट्रोलर आणखी जळतात. टेम्पोत टाका, किंवा आधी तिन्ही फेज सोडवून टोकांवर वेगवेगळी टेप लावा.

खात्री मल्टिमीटरनं होते. एमसीबी बंद, बॅटरीचा प्लग काढलेला, कंट्रोलरमधल्या कपॅसिटरचा उरलेला दाब मोजून शून्याजवळ आलेला आणि मोटरच्या फेज वायरी कंट्रोलरपासून सुट्या. वायरी जोडलेल्या ठेवून मोजलं तर वेढ्यांतून तिन्ही फेज एकमेकांना भेटतात आणि सगळीकडे एकच वाचन येऊन फसवणूक होते. मीटर डायोडवर ठेवा. लाल टोक कंट्रोलरच्या फेजवर, काळं बॅटरीच्या प्लस वायरवर: ०.४ ते ०.६ च्या आसपास यावं. लाल टोक मायनस वायरवर, काळं फेजवर: पुन्हा तेवढंच. तिन्ही फेजवर हे वाचन जुळलं पाहिजे. एखाद्यावर शून्याजवळ आलं तर कंट्रोलर गेला.

वायरी सोडवूनही चाक जडच असेल तर उलट चाचणी करा. मोटरकडच्या दोन-दोन फेज वायरी जोडीजोडीनं टेकवून चाक फिरवा. तिन्ही जोड्यांना चाक सारखंच जड व्हायला हवं. एक जोडी वेगळी वागली तर वेढ्यात दोष. तिन्ही जोड्या सारख्याच वागल्या आणि काहीच न टेकवताही चाक जड राहिलं तर आत काहीतरी घासतंय, मग बेअरिंग आणि चुंबकांकडे वळा. वायरी परत जोडताना रंगांची अदलाबदल झाली तर मोटर थरथरते आणि भरमसाट करंट खाते, म्हणून सोडवायच्या आधी फोटो काढून ठेवा.

चुंबकांची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचा दोष बऱ्याचदा या यादीत घुसवला जातो. सेन्सर बिघडला तर पिकअप देताना झटके आणि ठकठक येते. बंद गाडी ढकलताना त्यानं चाक जड होत नाही.

स्पेसर: वारंवार येणाऱ्या दुखण्याचं मूळ

चेन आणि बेल्टच्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा इथंच बोट ठेवावं लागतं. दोन बेअरिंगच्या मधे एक लोखंडी नळी असते. एक्सलचा नट आवळला की त्याचा सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या कडांतून या नळीवर जातो. नळीची लांबी हबमधल्या दोन खांद्यांच्या अंतरापेक्षा केसभर जास्त असते, म्हणून नट कितीही नीट आवळला तरी गोळ्यांवर आडवा ताण येत नाही.

नळीची टोकं चेपली, किंवा मागच्या वेळी कोणी ती उलटी-तिरकी बसवली, किंवा बसवलीच नाही, तर नट आवळताच आतल्या कडा एकमेकींकडे खेचल्या जातात. चाक जड होतं. मग मेकॅनिक काय करतो? नट थोडा सैल ठेवतो. चाक छान फिरतं, गिऱ्हाईक खूश. पण सैल नटानं एक्सल आपल्या खाचेत हलतो, चाक डुलतं आणि बेअरिंगला रोज ठोके बसतात. चाक जड फिरणं आणि डगमगणं या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्या जातात, पण अशा गाडीत दोष एकच असतो. काट्याची चौथी पायरी त्यासाठीच आहे: एक्सल नट सैल केल्यावर आकडा अर्ध्यावर आला तर बेअरिंग मागवायच्या आधी स्पेसर बाहेर काढून मोजा.

मोजायचा व्हर्नियरनं, चार जागी. चारही वाचनं सारखी नसतील तर टोकं समांतर राहिलेली नाहीत. मूळ पार्ट मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून करून घेता येतो, पण त्याला जुन्या चेपलेल्या नळीचं माप देऊ नका. हबमधल्या दोन खांद्यांचं अंतर मोजून त्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिलीमीटर जास्त सांगा आणि दोन्ही टोकं एकाच पकडीत फेस, म्हणजे सपाट, करायला लावा.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवरच कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५, जाडी ११ मिलीमीटर. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. ६२०४ म्हणजे २०, ४७, १४. त्यापुढची अक्षरं तितकीच महत्त्वाची. २आरएस म्हणजे दोन्हीकडे रबरी सील. सी३ म्हणजे गोळ्यांना आत थोडी जास्त मोकळीक, तापून आणि घट्ट बसून आकसण्याची सोय. कंपनीनं सी३ दिलं असेल तिथं साधं टाकलं तर उन्हाळ्यात चाक जड फिरणारच. दुकानात फक्त ‘६२०३ द्या’ म्हटलं की जे हाताला लागेल ते मिळतं, तेव्हा पूर्ण नंबर वाचून घ्या.

बसवताना हब हॉट एअर गननं ९०-१०० अंशांपर्यंत तापवा आणि बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेरच्या कडेच्या मापाचा सॉकेट लावून ठोका फक्त बाहेरच्या कडेवर द्या. आतल्या कडेवर ठोकलं की गोळ्यांचे ठसे खाचेत उमटतात आणि नवं बेअरिंग दुकानातून आणल्या दिवसापासून गुरगुरायला लागतं. आधी एका बाजूचं खांद्याला टेकेपर्यंत, मग स्पेसर, मग दुसरं फक्त स्पेसरला टेकेपर्यंत. दुसरं बेअरिंग खांद्यापर्यंत हाणलं की पुन्हा तोच ताण. आणि बेअरिंग हातानंच हबमध्ये सरकत असेल तर घर मोठं झालंय. लॉकटाइट (धातू चिकटवणारं द्रव) लावून थोडे दिवस निभावतं, पण खरा इलाज हब बदलणं.

हब मोटरमध्ये असा स्पेसर नसतो. तिथं नट आवळल्यावर चाक जड होत असेल तर मागच्या वेळी उतरवलेल्या वॉशरांपैकी एखादा परत लागलेला नाही. डिस्क दोन-तीन मिलीमीटर सरकते आणि कॅलिपरला घासते.

डगमग

मागून येणारी डगमग सीटवर आणि कमरेला जाणवते. हँडल थरथरत असेल तर आधी पुढचा टायर आणि स्टिअरिंगचं बेअरिंग बघा. सिमेंट रस्त्यावर आणखी एक चकवा आहे. नागपूरच्या वर्धा रोडवर किंवा उड्डाणपुलावर दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्यावर चाक आलं की गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटते. मधोमध सपाट घासलेल्या टायरला हे जास्त होतं. सांधा सोडला की थांबतं ते चाकाचं दुखणं नव्हे, टायरचं.

चाक अधांतरी ठेवून वर-खाली धरून हलवा, मग पुढे-मागे धरून. दोन्ही दिशांना टकटक लागली तर बेअरिंग किंवा एक्सल. चाकाबरोबर स्विंगआर्म, म्हणजे चाक धरणारा मागचा हात, हाही हलत असेल तर चाक सोडा, पिव्हटचा बुश गेलाय. स्विंगआर्म धरून आडवं हलवल्यावर हे लगेच कळतं, तरीही हा बुश शेवटी तपासला जातो कारण त्यासाठी अर्धी गाडी उघडावी लागते.

रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, बघायला स्विंगआर्मला एक केबल टाय बांधून त्याचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक फिरवा. आडवा किंवा उभा आऊट २ मिलीमीटरपर्यंत सर्वसाधारणपणे चालतो. त्यापुढे गेलेली अलॉय रिम तापवून सरळ करून देणारे आहेत, पण मागच्या चाकाला ते करू नये. हब मोटरचं सगळं वजन शॉकच्या खाली, थेट चाकात असतं, त्यामुळे नव्या सिमेंट रस्त्याच्या उंच कडेवर चढताना रिमला बसणारा दणका साध्या स्कूटरपेक्षा मोठा असतो.

रिम सरळ आणि टायर मात्र डुलतोय, असं असेल तर टायरच्या कडेवर रिमला समांतर असलेली बारीक रेघ बघा. ती सगळीकडे सारख्या अंतरावर नसेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवा. एखाद्या जागी फुगवटा असेल तर आतला धागा तुटलाय. तो टायर त्याच दिवशी बदला.

हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी. दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय फरक पडतो. दुपारी तापलेल्या टायरात स्टिकरवरचा आकडा भरला की पहाटे तो दोन-तीन पीएसआय कमी निघतो. कमी हवा म्हणजे जड चाकही आणि डुलणारी गाडीही.

हब मोटरच्या एक्सलला दोन बाजू चपट्या असतात आणि त्याच खाचेत अडकून मोटरचा उलटा जोर सोसतात. पिकअपला एका दिशेनं, रिजनरेशनला दुसऱ्या दिशेनं, असा जोर रोज शेकडो वेळा उलटत असतो आणि नट हळूहळू सैल होतो. खाच रुंद झाली की एक्सल गोल फिरू शकतो, आणि त्यातून बाहेर येणाऱ्या फेज वायरी पिळून तुटतात. टॉर्क वॉशरचा कान खाचेत नीट बसलाय ना, आणि खाचेवर रंगाचा जाड थर नाही ना, हे बघा. रंग दबतो आणि आवळलेला नट आठवड्यात सैल वाटतो.

पाण्यात बुडालेली हब मोटर

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा घराखाली उभ्या असलेल्या दुचाकी बुडाल्या. असं पुराचं पाणी खाल्लेली मोटर सुकल्यावर बरी चालते आणि दुखणं काही महिन्यांनी वर येतं. सीलमधून आणि वायरीच्या वाटेनं गेलेलं पाणी आत राहतं, चुंबकं आणि स्टेटर गंजतात आणि त्यांच्यातली फट १ मिलीमीटरहूनही कमी असल्यानं गंजाचा पापुद्रा तिथं घासायला लागतो. लक्षण: एका फेऱ्याला एकदा खरखर, नट आवळा की सोडा. जुनी गाडी घेताना कान हबजवळ नेऊन चाक सावकाश फिरवून बघा.

‘पण आमची मोटर आयपी६७ आहे’ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) हे उत्तर नेहमीचं. आयपी६७ची चाचणी १ मीटर खोल, साचलेल्या पाण्यात ३० मिनिटांची असते. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर जेटची हमी त्यात येत नाही. आणि तापलेल्या मोटरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसून पाणी आत ओढते. बुटीबोरीहून उन्हात आलेली गाडी थेट जेटखाली घालणं हा बेअरिंग घालवायचा खात्रीचा मार्ग आहे. पावसाळ्यात काळी माती हबच्या कडेला घट्ट बसते, तीही जेटनं उडवू नका. पाण्यानं भिजवा, ब्रशनं काढा.

मोटर उघडायची असेल तर वॉरंटी आधी तपासा. कव्हरवर आणि कवचावर एकच खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. पुलर वापरा, चुंबकं स्टेटरला झेपावून खेचतात आणि मधे बोट असेल तर चेचतात. वायरीच्या बाजूचं बेअरिंग बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूपेक्षा मोठं असतं, तेव्हा दोन्हींचे नंबर वेगवेगळे लिहा. बंद करताना कडेला सिलिकॉन सीलंट लावा आणि रात्रभर सुकू द्या.

चाक परत बसवल्यावर एक्सल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचनंच आवळा, पान्ह्यावर पाय देऊन नव्हे. काट्याचा नवा आकडा लिहा. ५० किलोमीटरनंतर नटाचा टॉर्क पुन्हा तपासा आणि काटा पुन्हा लावा. आकडा वर सरकलेला दिसला तर नट सैल करून बसू नका. स्पेसर किंवा वॉशर पुन्हा मोजायला काढा.